दिवाडीवर घर घ्यायचंय? आधी फेरी, मग बांध, मग कागद, आणि घर सगळ्यात शेवटी

दर एप्रिल-मेमध्ये कुणा ना कुणाचा फोन येतो, पुण्याहून, ठाण्याहून, एकदा तर थेट दुबईहून, की आम्ही दिवाडीला फिरून आलो, काय सुंदर गाव आहे, पणजी इतकी जवळ आणि तरी एवढी शांतता, तिथे एखादं जुनं कौलारू घर मिळेल का. मिळेल, का नाही मिळणार, कुलुपं लागलेली घरं खूप आहेत. पण हे लोक आलेले असतात जानेवारीत, दुपारी, दोन-तीन तासांसाठी, आणि बघितलेला असतो फक्त बलकांव (घरापुढचा बसायचा ओटा) आणि समोरचा आंबा. मी मूळची सावंतवाडीची, गोव्यातल्या या बेटावर येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली चार भाड्याच्या घरात काढली. त्या चार वर्षांत एक गोष्ट पक्की समजली, बेटावर घर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी फेरी, मग बांध, मग कागद. त्याच क्रमाने लिहिते.

फेरी

दिवाडी मांडवीच्या पात्रात आहे, तालुका तिसवाडी, आणि पूल नाही. तीन ठिकाणांहून फेरीबोट लागते, जुने गोव्याहून (व्हाईसरॉयच्या कमानीतून खाली उतरलात की धक्का), रायबंदरहून, आणि उत्तरेला नार्वेहून. सिंधुदुर्गातून गाडीने येणाऱ्यांना ही नार्वेची फेरी फार सोयीची, डिचोलीवरून आलात की पणजीच्या ट्रॅफिकमध्ये शिरायलाच नको, आणि त्या बाजूला सप्तकोटेश्वराचं देऊळही होतं. हा देव मूळचा दिवाडीवरचाच, पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर नदी ओलांडून तिकडे गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. मी माहेरी जाताना दर वेळी तिथे थांबतेच.

रेल्वेने यायचं तर करमळीला उतरा, कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही तिथे थांबतात, जुने गोव्याचा धक्का तिथून जवळच आहे. कोकण रेल्वेचा रूळ आमच्या बेटावरूनच जातो पण स्टेशन नाही, त्यामुळे गाडी थिवीहून करमळीकडे निघाली की खिडकीतून आमचं गाव दिसतं आणि उतरता मात्र येत नाही. माझी आई अजून दर वेळी फोन करून सांगते, तुझ्या घराजवळून चालले गं.

पाण्यावरचा प्रवास पाच-दहा मिनिटांचाच, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पण तुमचा वेळ जातो तो धक्क्यावर. सकाळी ऑफिसच्या आणि शाळेच्या वेळी बेटावरून बाहेर पडणाऱ्यांची रांग असते, संध्याकाळी तीच रांग उलटी, आणि चारचाकी असेल तर एक फेरी सुटली म्हणून पुढची मिळेलच असं नाही, दुचाक्या आणि माणसं आधी भरतात, मोटारींना मोजकी जागा. म्हणून इथे जवळजवळ प्रत्येक घरात स्कूटर आहे आणि काही जण मोटार कायमची पलीकडेच लावून ठेवतात. तुम्ही पणजीला रोज नोकरीला जाणार असाल तर घर बघायच्या आधी सलग पाच दिवस, सोमवार ते शुक्रवार, खरोखर जाऊन-येऊन बघा, घड्याळ लावून. अंतर बघून हिशोब करू नका, अंतराचा इथे काही संबंध नाही.

आणि मोटार फेरीत चढवायला शिकावं लागतं हे कुणी सांगत नाही. ओहोटीला पाणी खाली गेलं की रॅम्प लांबपर्यंत उघडा पडतो, त्यावर चिखल आणि शेवाळाचा पातळ थर, आणि बोटीची लोखंडी फळी त्यावर टेकते तिथे एक कोन तयार होतो. कमी उंचीची गाडी असेल तर बंपर नेमका तिथे घासतो. फेरीवरचा माणूस हाताने खूण करतो, तिरकी घे, तिरकी, सावकाश, आणि त्याच्या हाताकडेच बघायचं, आरशात नाही. पहिल्या वर्षी मी आरशात बघत बसले आणि मागचं चाक घसरलं, चार अनोळखी माणसांनी काही न बोलता गाडीला खांदा लावला आणि परत आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. त्यानंतर हँडब्रेक ओढून, गियरमध्ये ठेवूनच गाडी बंद करते, तुम्हीही तेच करा.

रात्रीचं महत्त्वाचं. फेऱ्या रात्री कमी होतात आणि मग बंद होतात, तिन्ही धक्क्यांच्या वेळा वेगळ्या. धक्क्यावर वेळापत्रक असतं त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि बदल झाला का ते अधूनमधून विचारत राहा. घरात म्हातारी माणसं असतील, कुणाला हार्टचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर राहायला येण्याच्या आधी शेजाऱ्यांना आणि पंचायतीत एकच प्रश्न विचारा, मध्यरात्री १०८ला फोन केला तर पुढे नक्की काय होतं, फेरी कोण बोलावतं, कोणत्या धक्क्यावर जायचं. मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज, ते नदीपलीकडे. आमच्या शेजारच्या आंटीने मला पहिल्याच आठवड्यात फेरीवर काम करणाऱ्या दोघांचे नंबर पाठ करायला लावले होते. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं. तीन वर्षांनी सासऱ्यांना रात्री दीड वाजता न्यायची वेळ आली तेव्हा तेच नंबर लावले, बोट आली, आणि सासरे आज आमच्यात आहेत.

बांध

हा भाग बाहेरून येणाऱ्या कुणालाच माहीत नसतो आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा आहे.

बेटाचा मध्य उंच आहे, पिएदादचं चर्च त्या टेकडीवर. खाली सगळीकडे सपाट हिरवं दिसतं ती खाजन शेती. खाजन म्हणजे नदीची खारी जमीन, शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी मातीचे बांध घालून पाण्यापासून सोडवून घेतलेली. तिची पातळी भरतीच्या पाण्याच्या खाली असते, म्हणजे बांध आहे म्हणून ती शेती आहे, बांध गेला की नदी आत. त्या बांधात ठरावीक ठिकाणी मानस असते, लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते आणि शेतातलं पाणी निघून जातं, भरतीला नदीचं पाणी दाबतं आणि तीच झडप आपोआप बंद होते. मोटर नाही, वीज नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास तिथेच उभी होते, भरती सुरू झाली आणि दोन्ही फळ्या हळूहळू एकमेकींवर येऊन टेकल्या, मधल्या फटीतून शेवटचं पाणी फुसफुसत आलं आणि मग शांत. मानशीपाशी मासे पकडायच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची अशी जुनी पद्धत.

आता घराशी याचा संबंध काय, तर असा की खाजनाच्या काठाला जी घरं आहेत त्यांचं भवितव्य त्या बांधाशी बांधलेलं आहे. बांध फुटला तर खारं पाणी शेतात येतं, शेत काही वर्षं पडीक जातं, आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून घर आवडलं की घरात शिरू नका, आधी बाहेर जा, खालच्या अंगाला चालत जा आणि बघा की शेत लावलेलं आहे की पडीक आहे आणि त्यात कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं उगवलीयत का. भातशेताच्या जागी कांदळ वाढायला लागली म्हणजे खारं पाणी आत येतंय आणि बांधाकडे कुणी बघत नाहीये. हे कोणता ब्रोकर सांगणार नाही, उलट तो त्यालाच रिव्हर व्ह्यू म्हणून दाखवेल. कोरगुट नावाचं भात खारवट जमिनीतही तग धरतं, ते जिथे अजून लावतात तिथे बांध जिवंत आहे, कूळ शेतकऱ्यांची संघटना काम करतेय असं धरून चाला.

बघायला जाल ते अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या भरतीला जा, शक्यतो जुलैत. त्या दिवशी पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी दिसतं. मग घराच्या भिंती बघा, खालच्या दोन-तीन फुटांत लोणा लागलाय का, पांढरी भुकटी सुटून गिलावा फुगलाय का. नवा रंग दिला असेल तर हात लावून बघा, नवा रंग फक्त खालच्या पट्ट्याला असेल तर त्याचं कारण विचारा. विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये परत येऊन तिचं पाणी चाखा, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी गोड असतात.

कागद

महाराष्ट्रातला सातबारा डोक्यातून काढून टाका. इथे एक-चौदाचा उतारा असतो, दिसायला साधारण तसाच, त्यात कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क असे रकाने. ऑनलाइन बघता येतो, सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन घेऊन बघा आणि सर्व्हेचा नकाशाही काढा. पण एक-चौदावर नाव आहे म्हणजे तो मालक, असं समजू नका, आमची चूक नेमकी तिथेच झाली.

आम्ही जे घर घेतलं त्याच्या एक-चौदावर एका गृहस्थांचं नाव होतं, आणि आम्हाला भेटलेला माणूस त्यांचा मुलगा. छान माणूस, सगळं गोड बोलणं, आम्ही टोकन देऊन मोकळे. मग कळलं की वडील वारून वीस वर्षं झालीत आणि वारसा झालेलाच नाही. भावंडं पाच. गोव्यात अजून पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो, त्यात मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि लग्न झालं की वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी-निम्मी. म्हणजे पाच भावंडांच्या पाच सह्या नाहीत, त्यांच्या नवरा-बायकांच्याही सह्या. एक बहीण लिस्बनला, एक भाऊ टोरोंटोला, एक वारलेला आणि त्याची बायको आणि दोन मुलं मुंबईला, त्यातल्या एका मुलाचं लग्न झालेलं म्हणून सुनेची सही. मोजलं तर अकरा सह्या झाल्या. परदेशातून मुखत्यारपत्र यायचं म्हणजे ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल करून पाठवायचं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. एक पत्र आलं ते पाकिटातच चार महिने कुणाच्या तरी कपाटात राहिलं. एकोणीस महिने लागले आम्हाला. टोकन बुडालं नाही, कारण माणसं प्रामाणिक होती, त्यात आमची काही हुशारी नव्हती.

तर तुम्ही असं करा. पैसे देण्याआधी वंशावळ लिहून मागा, साध्या कागदावर, कोण कुणाचं, कोण हयात, कोण कुठे, लग्न झालंय का. मग वारसापत्र झालंय का विचारा, डीड ऑफ सक्सेशन म्हणतात ते, आणि वाटणी झाली असेल तर कोर्टातल्या इन्व्हेंटरीची, म्हणजे वाटणीच्या प्रकरणाची, प्रत मागा. याचा आताचा कायदा २०१२चा आहे, वकिलाला विचारा पण वकील गोव्यातलाच घ्या, पुण्याचा कितीही चांगला असला तरी त्याला हे जमणार नाही. आणि एखादा भाऊ म्हणाला की बाकीच्यांचं नंतर बघू, माझा एकट्याचा हिस्सा घ्या, तर घेऊ नका. अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकताना बाकीच्या हिस्सेदारांचा आधी घ्यायचा हक्क असतो, आणि तो हक्क कोर्टात चालतो.

इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं घर लिहिलंय का ते नीट वाचा. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात एखादं छोटं घर दिसलं आणि विकणारा म्हणाला की ते आमचे जुने कामाचे लोक, जातील, तर ते मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे, असू शकतात आणि १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यांना तिथून काढता येत नाही, उलट ते घर आणि आजूबाजूची जमीन विकत घेण्याचा हक्क त्यांचा आहे. आणि काढायचं तरी का, तीन पिढ्या त्या आवाराची राखण त्यांनीच केलेली असते. आमच्या आवारात एक कुटुंब होतं, आम्ही खरेदीच्या आधीच त्यांचा भाग मोजून वेगळा करून द्यायला लावला. आज आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.

शेतजमीन स्वस्त दिसली म्हणून हुरळू नका. भातशेतीच्या जमिनीवर एकतर १९६४च्या कूळ कायद्याने कुळांचे हक्क असतात, आणि २०२३पासून शेतकरी नसलेल्याला ती विकायला बंदी आलीये. बरीचशी जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकारांच्या जुन्या सामायिक संस्थेची, ती कोणी एकटा विकूच शकत नाही. मोकळा प्लॉट असेल तर नगर नियोजन खात्याचा झोनिंग दाखला घ्या, रिजनल प्लॅन २०२१मध्ये तो सर्व्हे नंबर सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या भागात, आहे का बघा, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) आहे का बघा, आणि नदी भरती-ओहोटीची असल्यामुळे सीआरझेड, म्हणजे काठालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, तोही लागू होतो, काठापासून किती अंतर आहे ते कागदावर मोजून घ्या. घरपट्टीची पावती दाखवून कुणी म्हणेल बघा सगळं लीगल आहे, घरपट्टी म्हणजे मालकी नाही आणि परवानगीही नाही.

जुन्या घराचे मूळ कागद पोर्तुगीजमध्ये असतात, ते वाचू शकणारी माणसं कमी राहिलीत, त्यामुळे भाषांतराला वेळ आणि पैसे दोन्ही बाजूला ठेवा.

आणि मग घर

चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या, हे सगळं टिकवता येतं. छप्पर आधी. वासे आणि रीप वाळवीने पोखरलेत का ते स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला की समजा. कौलं फेरायचं काम मे संपायच्या आत झालं पाहिजे, त्यामुळे माणसं फेब्रुवारीतच सांगून ठेवा, आणि दुरुस्तीचा अर्ज पंचायतीत त्याच्याही आधी. रेती, चिरे, सिमेंट सगळं फेरीतून येतं, म्हणून पलीकडच्यापेक्षा वाहतूक जास्त लागते आणि ट्रकवाला भरतीची वेळ बघून येतो. आम्ही एकदा ट्रक ओहोटीला बोलावला आणि तो दुपारभर पलीकडे उभा राहिला, गवंडी इकडे बसून राहिले, रोजंदारी आम्ही भरली.

रोजच्या जगण्याचं थोडंच सांगते कारण ते राहिल्यावर आपोआप कळतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो, पाव आणि पोळी (आपली चपाती नव्हे, इथला कोंड्याचा पाव) दारात. मासळीवाली येते. बाकी सामानाला पलीकडे जायचं. पावसाळ्याची बेगमी, इथे पुरुमेंत म्हणतात, ती मेमध्ये खरंच भरा, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांदे, जोडीला दुसरा सिलिंडर, इन्व्हर्टर, टॉर्च, कारण झाड पडून लाईट गेली की यायला वेळ लागतो. साप निघतात, घाबरून मारू नका, गावात पकडणारे असतात. कोकणी शिका. मालवणी येत असेल तर अर्धं काम झालंय. लोक मराठी समजतात, पण तुम्ही कोकणीत दोन वाक्यं बोललात की बलकांवावर बसायला सांगतात, आणि गावातली सगळी खरी माहिती बलकांवावरच मिळते. घराच्या मागचा बांध कुणी दुरुस्त केला, कुठल्या भावंडांचं पटत नाही, कुठली विहीर आटते, सगळं.

म्हणून माझं ऐकाल तर आधी भाड्याने घर घ्या, जूनच्या आधी या आणि निदान पुढच्या मेपर्यंत राहा. भाडेकरार रीतसर करा, घरमालकाकडून पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करून घ्या. सोबत सामान कमी आणा. आमचं सागवानी कपाट सावंतवाडीहून आणलं आणि पहिल्याच पावसात बुरशीने पांढरं झालं, मागची फळी फुगली.

आणि नुसतं बघायला येणार असाल तर ऑगस्टमधला चौथा शनिवार टाळा, त्या दिवशी बोंदेरां असतो, झेंड्यांचा सण, बघायला जरूर या पण घर शोधायला नको, धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नसते. त्यानंतरच्या सोमवारी या. सकाळी सव्वासातला जुने गोव्याच्या धक्क्यावर उभे राहा, तेव्हा सगळा गाव बाहेर पडत असतो आणि आत येणारी फेरी रिकामी असते. उतरल्यावर लगेच टेकडी चढू नका, कडेला थांबा आणि तुमच्या बोटीत किती जण चढतात आणि किती मागे राहतात ते मोजा.